सत्ताविसाव्या आठवड्यातली कळ: गरोदरपणातल्या मुतखड्याचं एक प्रकरण

ती आली तेव्हा पहाट नुकतीच सरली होती. एका बाजूने नवरा, दुसऱ्या बाजूने आई, आणि मधे ती, वाकलेली. खाटेवर घेतलं तरी तिला एका जागी पडवेना. उजव्या कुशीवर वळायची, लगेच उठून बसायची, पुन्हा डावीकडे कलंडायची. मी हे आधी लिहिते आहे, कारण त्या पाच मिनिटांत तिने स्वतःच निम्मं निदान सांगितलं होतं. पोटात आत कुठे पू पसरला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, तर माणूस निपचित पडून राहतं, हलायला घाबरतं. मूत्रवाहिनीत काही अडकलं असेल, तर त्या कळेत माणूस जागच्या जागी राहूच शकत नाही.

वय २९, पहिलंच गरोदरपण, २७ आठवडे आणि २ दिवस. नोंदणी आमच्याकडेच झालेली. तोवर सगळं सुरळीत होतं, फक्त पहिले तीन महिने उलट्यांनी तिला बेजार केलं होतं आणि त्या काळात पाणीही पोटात ठरत नव्हतं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

दोन दिवसांपूर्वी रात्री उजव्या कंबरेत कळ उठली, ती जांघेपर्यंत उतरली, सोबत मळमळ. घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे लघवी तपासली, तर त्यात पूपेशी आणि थोड्या तांबड्या पेशी. सोनोग्राफीही झाली. बाळ ठीक, वार ठीक, आणि शेवटी एक ओळ: ‘उजव्या मूत्रपिंडाला सौम्य सूज, गर्भावस्थेत अपेक्षित.’ मूत्रमार्गाचा संसर्ग म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या, वेदनाशामक इंजेक्शनने रात्र निघाली. दुसरा दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री थंडी वाजून ताप भरला आणि पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट होऊ लागलं.

आम्ही पाहिलं तेव्हा ताप ३८.९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ फॅरनहाइट. नाडी १२४, रक्तदाब ९६/५८, श्वास मिनिटाला २४. बाळाचे ठोके १७५. गर्भपिशवी दर सहा-सात मिनिटांनी आवळत होती. उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली पाठीवर हलकीशी थाप दिली तरी ती कळवळली. गर्भपिशवीचं तोंड बंद होतं, आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत त्याची लांबी ३१ मिलिमीटर आली. त्या सकाळची तेवढीच एक चांगली बातमी.

रक्ताचे आकडे आले. पांढऱ्या पेशी १९,४००. गरोदरपणात या पेशी एरवीही १५-१६ हजारांपर्यंत जातात, त्यामुळे एकट्या या आकड्यावर मी कधी निर्णय घेत नाही. मला जास्त खटकला तो क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात साचणाऱ्या टाकाऊ पदार्थाचा) आकडा: १.१. प्रयोगशाळेच्या कागदावर तो ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसला होता, कारण तो रकाना गरोदर नसलेल्या माणसासाठी आखलेला असतो. गरोदरपणात मूत्रपिंडाची गाळण्याची गती ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ च्या आसपास उतरतं. तिच्या पहिल्या तिमाहीतल्या कागदावर ०.५ होतं. म्हणजे दुपटीहून जास्त वाढ, आणि तरीही कागदावर लाल खूण नाही.

ती एक ओळ

आता त्या ‘गर्भावस्थेत अपेक्षित’ या शब्दांकडे येते, कारण हे प्रकरण मुळात त्यांचंच आहे.

त्या ओळीत चूक काही नव्हती. गरोदरपणात मूत्रपिंडं फुगतात. उजवं मूत्रपिंड तर जवळपास ९० टक्के स्त्रियांमध्ये थोडंफार फुगलेलं असतं, डावं त्याहून कमी जणींत. वाढती गर्भपिशवी उजवीकडे किंचित वळलेली असते, उजव्या अंडाशयाची फुगलेली शीर मूत्रवाहिनीला आडवी जाते, आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रवाहिनीचे स्नायू सैल पडतात. डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मधे गादीसारखा असतो, म्हणून ती बाजू वाचते. ही सूज सहाव्या ते दहाव्या आठवड्यापासून सुरू होऊ शकते आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांत उतरते.

अडचण अशी, की मुतखडा अडकल्यावर होणारी सूजही पडद्यावर पहिल्या नजरेला अशीच दिसते. उजव्या बाजूला दुखणाऱ्या गरोदर बाईची सोनोग्राफी केली, सूज दिसली आणि तिला ‘अपेक्षित’ म्हटलं, तर बहुतेक वेळा आपण बरोबर ठरतो. ज्या वेळी बरोबर ठरत नाही, ती वेळ ही अशी असते. गरोदरपणात सोनोग्राफीवर खडा प्रत्यक्ष दिसण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांशापासून ९५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे. एवढी मोठी तफावत यंत्रांमुळे पडत नाही. कुठे पाहायचं आणि काय शोधायचं हे ठरवून पाहिलं की नाही, याचा त्यात मोठा वाटा आहे.

आम्ही सोनोग्राफी पुन्हा केली. रेडिओलॉजिस्टला फोनवर एवढंच सांगितलं, की बाळ मी पाहिलं आहे, तुम्ही फक्त उजवी मूत्रवाहिनी शेवटपर्यंत शोधा. त्यांनी चार गोष्टी पाहिल्या.

पहिली, तिला डाव्या कुशीवर वळवून काही वेळ थांबले. गर्भपिशवीचा भार बाजूला झाला की साधी सूज कमी होते. तिची तेवढीच राहिली. दुसरी, फुगलेली मूत्रवाहिनी खाली कुठवर जाते. गर्भपिशवीच्या दाबाने फुगलेली मूत्रवाहिनी ओटीपोटाच्या हाडाच्या कडेशी येऊन निमुळती होते, तिथून खाली ती बारीक दिसते. हिची मूत्रवाहिनी त्या कडेच्या पलीकडे, खाली मूत्राशयापर्यंत जाडच होती. माझ्या मते हीच सगळ्यांत बोलकी खूण, आणि तीच सगळ्यांत कमी वेळा पाहिली जाते. तिसरी, मूत्रपिंडातल्या रक्तप्रवाहाचा रोधनिर्देशांक, म्हणजे रक्ताला वाहताना किती अडथळा होतो याचा आकडा: उजवीकडे ०.७६, डावीकडे ०.६४. नुसत्या गरोदरपणाने हा आकडा ०.७० च्या वर जात नाही, आणि दोन बाजूंत इतका फरकही पडत नाही. चौथी, मूत्राशयात पडणाऱ्या लघवीच्या पिचकाऱ्या. डॉप्लरवर (प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) डावीकडून त्या ठरावीक अंतराने येताना दिसत होत्या. उजवीकडून कितीतरी वेळ एकही नाही.

मग योनीमार्गातून सोनोग्राफी. मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते त्या तोंडाशी, ७ मिलिमीटरचा खडा. मागे काळी सावली.

पोटावरून हा भाग बाळाच्या डोक्याआड जातो, योनीमार्गातून तो अगदी जवळ येतो. हा शेवटचा तपास दोन दिवसांपूर्वी झाला असता तर पुढची धावपळ बहुधा टळली असती. सोनोग्राफीत खडा दिसला नसता, तर पुढची पायरी एमआरआयची होती, गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं रंगद्रव्य न देता. तेही हाताशी नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत कमी मात्रेचा सीटी स्कॅन करता येतो. त्यात बाळापर्यंत पोचणारी किरणांची मात्रा ४ मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे ती मोजायचं एकक) खाली ठेवता येते, आणि ५० मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग येण्याचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. हे सांगते, कारण ‘गरोदर आहे, सीटी नकोच’ असं म्हणून दिवस घालवलेले मी पाहिले आहेत. गरज असताना तपासणी टाळली, तर त्याची किंमत तपासणीहून जड पडू शकते.

आधी वाट मोकळी, खडा नंतर

एव्हाना चित्र स्पष्ट होतं. तुंबलेलं मूत्रपिंड, त्यात संसर्ग, आणि तो रक्तात उतरू लागलेला. यात दुमत नसतं, गरोदरपण असो वा नसो: तुंबलेला पू बाहेर काढायचा. नुसत्या अँटिबायोटिकने हे निभत नाही, कारण लघवी वाहत नसलेल्या मूत्रपिंडात औषध पुरेसं पोचत नाही.

नेमकं इथे घरच्यांशी बोलताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. तिच्या आईने विचारलं, “पोटात बाळ असताना ऑपरेशन? नुसती सलाईन लावून नाही का पडणार?” प्रश्न रास्त होता. गरोदरपणातले बरेचसे मुतखडे खरंच आपोआप पडतात. जुन्या नोंदींत हे प्रमाण ६४ ते ८४ टक्के दिलं आहे, काही अलीकडच्या नोंदींत त्याहून बरंच कमी. ताप नसता, क्रिएटिनिन वाढलं नसतं, खडा ४ मिलिमीटरचा असता, तर मी स्वतःच त्यांना थांबायला सांगितलं असतं. पॅरासिटामॉल, गरज पडली तर थोडे दिवस ओपिऑइड (अफूच्या वर्गातलं) वेदनाशामक, पुरेसं पाणी आणि वाट पाहणं. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवून खडा ढकलला जातो, हा समज मात्र खोटा आहे. उलट तुंबलेल्या मूत्रपिंडावर दाब वाढून कळ वाढते, आणि संसर्ग झालेल्या गरोदर बाईच्या फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका वाढतो.

मी त्यांना म्हटलं, “आई, बाळाला धोका ऑपरेशनपेक्षा या तापाचा जास्त आहे. गर्भपिशवी आवळते आहे ती यामुळेच. आज आपण खडा काढणार नाही. फक्त लघवीला वाट करून देणार.” त्या गप्प बसल्या. नवऱ्याने सही केली. तिने स्वतः एवढंच विचारलं, की बाळाचे ठोके ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तिला ऐकवणार का. ऐकवले.

यूरॉलॉजिस्टसमोर दोन मार्ग होते. मूत्राशयातून दुर्बीण घालून मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वळलेली मऊ बारीक नळी, टाकणं, किंवा पाठीतून सुई घालून मूत्रपिंडात थेट नळी बसवणं. दोन्ही वाट मोकळी करण्यात सारख्याच कामाच्या. आम्ही स्टेंट निवडला आणि तो जमला नाही तर पाठीतली नळी, अशी तयारी ठेवली. रक्तात संसर्ग उतरत असताना कण्यात भूल देण्यापेक्षा जागेवर भूल आणि हलकं गुंगीचं औषध बरं, असं भूलतज्ज्ञांनी ठरवलं. उजव्या कमरेखाली उशी देऊन तिला थोडं डावीकडे कललेलं ठेवलं, म्हणजे गर्भपिशवीचा भार मोठ्या शिरेवर येणार नाही. क्ष-किरण वापरले नाहीत. तार खड्याच्या बाजूने वर गेली आणि स्टेंटच्या कडेने गढूळ, दाट लघवी जोराने बाहेर आली. तिचा नमुना तिथेच वेगळा घेतला. वरचं टोक मूत्रपिंडात आणि खालचं मूत्राशयात नीट वळलं आहे हे सोनोग्राफीवर पाहून काम थांबवलं.

त्या नमुन्याबद्दल दोन शब्द. सकाळी घेतलेल्या साध्या लघवीच्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून पाहायच्या तपासणीत) काहीही उगवलं नाही. मूत्रपिंडातून घेतलेल्या लघवीत ई-कोलाय हा जिवाणू उगवला. वाट पूर्ण बंद असेल तर मूत्राशयात उतरते ती फक्त दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाची लघवी, शिवाय आधीच्या गोळ्यांचाही परिणाम होता. ‘कल्चर निगेटिव्ह आहे, म्हणजे संसर्ग नाही’ असा अर्थ इथे कुणी काढला असता, तर ते जिवावर बेतलं असतं.

औषधांपैकी सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केलं, कल्चर आल्यावर तेच चालू ठेवलं. डायक्लोफिनॅकसारखी कळेवरची नेहमीची इंजेक्शनं मात्र आमच्या कपाटातच राहिली. एरवी मुतखड्याच्या कळेवर ती फार गुणकारी, पण २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं, आणि तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. पहिल्या रात्री दवाखान्यात दिलेलं इंजेक्शन कोणतं होतं, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. गर्भजल आम्ही मोजलं. पुरेसं होतं.

गर्भपिशवी शांत करायची की नाही

कळा थांबवायची औषधं द्यायची का, यावर आमच्यातच चर्चा झाली. माझा कल न देण्याकडे होता. रक्तदाब आधीच खाली, अशात निफेडिपिन या कळा थांबवायच्या औषधाने तो आणखी उतरेल. संसर्ग झालेल्या गरोदर बाईला अशी औषधं आणि भरपूर सलाईन एकत्र दिली तर फुप्फुसं भरून येतात. शिवाय या आवळण्याचं कारण गर्भपिशवीत नव्हतंच. जिवाणूंचा विषार आणि शरीराने त्याविरुद्ध उभी केलेली दाहक रसायनं प्रोस्टाग्लँडिन हे गर्भपिशवी आवळायला लावणारं द्रव्य वाढवतात, आणि गर्भपिशवी त्याला आवळून उत्तर देते. मूळ हटवलं की उत्तर थांबतं, या विश्वासावर आम्ही थांबलो. स्टेंट पडल्यावर चार तासांत कळांमधलं अंतर वीस मिनिटांवर गेलं, रात्रीपर्यंत त्या थांबल्या.

बाळाची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला द्यायच्या स्टेरॉइडचा निर्णय मात्र उलटा घेतला. बाळ २७ आठवड्यांचं. आजच्या नवजात अतिदक्षता विभागात या वयाची बहुतेक बाळं जगतात, पण फुप्फुसं, मेंदूतला रक्तस्राव, डोळे, आतडी, सगळ्यांची टांगती तलवार असते. ताप असलेल्या आईला स्टेरॉइड देताना हात अडखळतो, हे मी कबूल करते. कल्चर घेतलं, अँटिबायोटिक सुरू झालं, पू बाहेर आला, त्यानंतर बीटामेथासोन या स्टेरॉइडचा १२ मिलिग्रॅमचा पहिला डोस दिला आणि २४ तासांनी दुसरा. बाळ त्या आठवड्यात जन्मलं नाही, पण जन्मलं असतं तर या दोन इंजेक्शनांनी फरक पडला असता.

छत्तीस तासांनी ताप उतरला. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ०.६. सातव्या दिवशी ती घरी गेली, अँटिबायोटिकचे एकूण १४ दिवस पुरे करायचे असं ठरवून.

स्टेंटसोबतचे तीन आठवडे

याला कुणी सुटका म्हणू नये. स्टेंट जीव वाचवतो आणि रोज छळतो. दर अर्ध्या तासाने लघवीची घाई, शेवटी जळजळ, अधूनमधून लालसर लघवी, कंबरेत ओढ. तिने एकदा मला सांगितलं, की बाळाच्या हालचाली आणि स्टेंटचं टोचणं तिला वेगळं ओळखू येत नाही, आणि त्याची तिला सगळ्यांत जास्त भीती वाटते. या वाक्यानंतर आम्ही पुढची चर्चा लवकर केली.

गरोदरपणात लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणून स्टेंटवर क्षाराचा थर भराभर साचतो. एरवी तीन महिने चालणारा स्टेंट इथे चार ते सहा आठवड्यांत बदलावा लागतो. तिच्या प्रसूतीला दहा आठवडे होते, म्हणजे किमान दोनदा बदलणं, प्रत्येक वेळी भूल, प्रत्येक वेळी संसर्गाची जोखीम. दुसरा मार्ग: संसर्ग पूर्ण गेल्यावर मूत्रवाहिनीतून दुर्बिणीने खडा लेझरने फोडून काढणं. ध्वनिलहरींनी बाहेरून खडा फोडण्याचा उपचार गरोदरपणात पूर्ण वर्ज्य आहे. दुर्बीण आणि होल्मियम लेझर मात्र अनुभवी हातांत सुरक्षित ठरले आहेत. लेझरची ऊर्जा टोकापासून मिलिमीटरभरही पुढे जात नाही.

तीस आठवडे पुरे झाल्यावर, कल्चर स्वच्छ असल्याची खात्री करून, कण्यात भूल देऊन ते केलं. पस्तीस मिनिटं लागली. काढलेल्या स्टेंटवर तीन आठवड्यांतच पिवळसर खरबरीत थर आला होता. पाच दिवसांसाठी दोरी बाहेर ठेवलेला छोटा स्टेंट टाकला, तो बाह्यरुग्ण विभागातच ओढून काढला. खड्याचं पृथक्करण आलं: मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. एरवी कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे जास्त असतात. गरोदरपणात लघवीची आम्लता कमी होते आणि फॉस्फेटचं पारडं जड होतं.

आता बाळाचा प्रश्न

मुतखड्यामुळे बाळंतपणावर परिणाम होतो का, हे मला या कुटुंबाने किमान दहा वेळा विचारलं. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

त्रास देणारा मुतखडा साधारण २०० ते १,५०० गरोदरपणांत एकदा दिसतो, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत. गरोदरपणामुळे खडे जास्त होतात की नाही यावर एकमत नाही: लघवीत कॅल्शियम वाढतं तसंच खडा रोखणारं सायट्रेट आणि मॅग्नेशियमही वाढतं. पण सैल झालेल्या मूत्रवाहिनीमुळे वर शांत बसलेला खडा खाली सरकतो, असं मानलं जातं.

परिणामांबद्दल सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. गरोदरपणात मुतखड्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या २,२३९ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यात वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास १.८ पट आढळली. हा आकडा वाचून घाबरणं स्वाभाविक आहे. पण त्यात होत्या त्या दाखल करावं लागलेल्या, म्हणजे जास्त आजारी स्त्रिया. घरीच खडा पडून गेलेल्या त्यात नाहीत. त्याच अभ्यासात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, आणि शस्त्रक्रिया झाली की नाही याने अकाली प्रसूतीच्या धोक्यात फरक पडलेला दिसला नाही. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरच्यांना आणि कित्येक डॉक्टरांनाही भीती वाटते ती शस्त्रक्रियेचीच. इतर देशांतल्या नोंदींमध्ये धोका कुठे थोडा वाढलेला आढळला, कुठे वाढलेला आढळला नाही.

माझं वाचन असं: खडा बाळापर्यंत पोचत नाही, त्याच्या वाढीत ढवळाढवळ करत नाही, व्यंग आणत नाही. बाळाला धोका पोचवतात त्या खड्यामागून येणाऱ्या गोष्टी. न उतरलेला ताप, दिवसेंदिवस न थांबलेली कळ, पोट न भरू देणाऱ्या उलट्या. आणि आणखी एक, ज्याविषयी कमी बोललं जातं: काळजीपोटी आपणच लवकर केलेली प्रसूती. चौतिसाव्या आठवड्यात नवऱ्याने विचारलं, “आता बाळ पुरेसं मोठं आहे ना, सिझेरियन करून टाकायचं का? परत ताप यायच्या आधी?” खडा गेला होता, मूत्रपिंड वाहत होतं, आई बरी होती. चौतीस आठवड्यांच्या बाळाला बाहेर काढायला एकही कारण उरलं नव्हतं. मुतखडा हे सिझेरियनचंही कारण नाही. मी नकार दिला, आणि तो का देते हे पाऊण तास बसून समजावलं.

दुसरा वारंवार येणारा प्रश्न कॅल्शियमच्या गोळ्यांचा. मुतखडा झाला म्हणून तिने त्या परस्पर बंद केल्या होत्या. आम्ही सुरू केल्या, जेवणासोबत. पोटात आलेलं कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. कॅल्शियम तोडलं तर उलट ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्या गरोदर स्त्रियांना पूरक कॅल्शियम दिल्याने रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा धोका घटतो, तो फायदा सोडण्यात अर्थ नव्हता. पाण्याचं माप मात्र बदललं: किती पेले प्यायली हे मोजायचं नाही, दिवसात दोन-अडीच लिटर लघवी झाली का ते पाहायचं.

पुढचे आठवडे जवळजवळ नीरस गेले. दर तीन-चार आठवड्यांनी लघवीचं कल्चर, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी, रक्तदाब. ३६ आठवडे ५ दिवसांवर पाणमोट आपोआप फुटली. नऊ तासांनी नैसर्गिक प्रसूती, मुलगी, २,५६० ग्रॅम, जन्मताच रडली. तिसऱ्या दिवशी कावीळ चढली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. सदतीस आठवडे भरायला दोन दिवस कमी, म्हणजे नोंदवहीत ती ‘अकाली प्रसूती’ ठरते. एका प्रसूतीवरून खड्याला दोष देता येणार नाही.

जुनी फाइल

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणीला येताना तिने घरातले सगळे जुने कागद आणले. त्यांत लग्नाआधीचा, चार वर्षांपूर्वीचा एक सोनोग्राफी अहवाल होता, भलत्याच कारणाने काढलेला. त्यात लिहिलं होतं: उजव्या मूत्रपिंडात ५ मिलिमीटरचा खडा. तेव्हा तिला ‘पाणी भरपूर प्या’ एवढंच सांगितलं गेलं. त्रास नव्हता, ती विसरली. तिच्या वडिलांना दोनदा मुतखडा झाला होता, हेही त्या दिवशी कळलं.

नोंदणीच्या दिवशी आम्ही तिला मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, क्षयरोग, ऑपरेशन, अॅलर्जी, सगळं विचारलं होतं. मुतखडा विचारला नव्हता. विचारला असता, तर ती उलट्यांनी कोरडी पडत होती त्याच महिन्यांत आम्ही त्या मूत्रपिंडावर नजर ठेवली असती. दवाखान्यातल्या त्या रात्रीही तिने ‘मला पूर्वी खडा होता’ असं सांगितलं असतं, आणि ‘अपेक्षित’ हा शब्द कदाचित लिहिला गेला नसता. त्या दवाखान्याला दोष देण्याआधी मला माझा फॉर्म पाहावा लागला.

सहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडाची सूज पूर्ण उतरलेली होती. रक्तातलं कॅल्शियम आणि ते सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन ठीक आले. त्या ग्रंथीचा विकार मुतखड्यामागे कधी कधी लपलेला असतो आणि गरोदरपणात तो आई-बाळ दोघांना जड जातो, म्हणून हे पाहणं चुकवत नाही. चोवीस तासांच्या लघवीची तपासणी अंगावरचं दूध सुटल्यावर केली. तिचं सायट्रेट कमी निघालं.

मुलगी अकरा महिन्यांची असताना ती पुन्हा आली, या वेळी चालत, एकटी. दुसरं मूल दीड-दोन वर्षांनी हवं आहे म्हणाली. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या भागात ४ मिलिमीटरचा खडा दिसला. यूरॉलॉजिस्ट आणि मी तिच्यासोबत बसलो. पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. वाढला किंवा जागेवरून हलला, तर दिवस राहण्याआधी काढायचा. आहे तसाच राहिला, तर सोबत घेऊन पुढे जायचं, पण मग पहिल्या भेटीपासून दर तिमाहीला ते मूत्रपिंड पाहायचं. तिने फोनमध्ये तारीख घातली, आणि जुना अहवाल फाइलच्या तळातून काढून सगळ्यांत वर लावायला सांगितला.